आषाढातला बोकड आणि वैशाखातलं खाणं

पत्र थोडक्यात: मराठवाड्यातल्या एका ताईंकडे २८ उस्मानाबादी शेळ्या आहेत, बंदिस्त पद्धतीनं सांभाळलेल्या. बचत गटाच्या कर्जातून धंदा उभा केला. गेल्या दिवाळीला त्यांनी पैदाशीसाठी एक उंचापुरा, काळाभोर बोकड विकत घेतला. ‘नर म्हणजे निम्मा कळप’ असं प्रशिक्षणात ऐकलेलं, म्हणून त्याला काही कमी पडू दिलं नाही. रोज दीड किलो खुराक, त्यात निम्म्याहून जास्त सरकी पेंड, बाकी मका भरडा आणि गव्हाचा कोंडा; वर दोन अंडी आणि गूळ. उन्हाळ्यात हिरवा चारा मिळाला नाही, कडबा कुट्टीवर भागवलं. पाऊस लागल्यावर आषाढात बोकड दिवसभर शेळ्यांत मोकळा सोडला. २८ पैकी ११ शेळ्याच गाभण राहिल्या, बाकीच्या उलटल्या, म्हणजे पुन्हा माजावर आल्या. आता बोकड बराच वेळ बसूनच असतो. मालक म्हणतात, हरभरा आणि तूप सुरू करू. दीर म्हणतात, चांगला भाव येतोय, बकरी ईदला काढून टाकू. ताई विचारतात, “खाऊ घालण्यात मी कुठं कमी पडले? आणखी काय देऊ, का विकूनच टाकू?”

ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य दोनदा आलंय: “मी कुठं कमी पडले.” खाऊ घालण्यात तुम्ही कमी पडलेल्या नाही. घासातला घास त्याला दिलात. पण त्याला काय हवं होतं आणि केव्हा हवं होतं, हे तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. प्रशिक्षणात शेळीच्या खुराकावर तासभर बोलतात आणि बोकडाच्या खाण्यावर ‘त्याला थोडा जास्त द्या’ एवढ्यावर भागवतात. त्या ‘थोडा जास्त’ची किंमत तुमच्यासारख्यांना मोजावी लागते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी वेळेचं बघू, कारण सगळा घोळ तिथं आहे. बोकडाच्या वृषणात शुक्राणू तयार व्हायला साधारण ४८ दिवस लागतात. पुढे ते पक्व होऊन बाहेर पडण्याजोगे व्हायला आणखी १० ते १४ दिवस जातात. म्हणजे आज बोकड शेळीवर उडतो तेव्हा तो वापरतो ते वीर्य दोन महिन्यांपूर्वी घडायला सुरुवात झालेलं असतं. तुमच्या बोकडानं आषाढात जे दिलं ते वैशाखात घडलं. आता वैशाख आठवा. पारा चाळिशीच्या वर, वर तापलेला पत्रा, खाली कोरडा कडबा आणि गव्हाणीत सरकी पेंडीचा ढीग. आषाढात तुम्ही अंडी दुप्पट केली असती तरी त्या महिन्यातल्या वीर्यात काडीचा फरक पडला नसता.

त्या वैशाखात तीन गोष्टी एकदम त्याच्या विरोधात गेल्या, असं मला वाटतं.

पहिली उष्णता. वृषणं शरीराबाहेर लोंबतात ती उगाच नाही. शुक्राणू घडायला त्यांचं तापमान शरीरापेक्षा ४ ते ५ अंशांनी कमी लागतं. बोकड जास्त चरबीचा झाला की अंडकोशाच्या वरच्या भागातही चरबी साठते आणि तिथून उष्णता बाहेर पडायची सोय बिघडते. जाड बोकडाला उन्हाळा बारीक बोकडापेक्षा जास्त बाधतो तो यामुळे. तुम्ही प्रेमानं चढवलेलं वजन वैशाखात त्याच्यावर उलटलं.

दुसरी गोष्ट सरकी पेंड. सरकीत गॉसिपॉल नावाचा घटक असतो. शेळीच्या पोटात रवंथाच्या कप्प्यात त्यातला बराचसा निष्प्रभ होतो, पण भरपूर पेंड रोज पोटात गेली तर उरलेला रक्तात उतरतो आणि नराच्या शुक्राणूंना इजा करतो. विशेषतः शुक्राणूच्या शेपटीचा मधला भाग, जिथून त्याला पोहायची ताकद मिळते, तो बिघडतो. आता कुणी म्हणेल, आमच्या म्हशी वर्षानुवर्षं सरकी खातात, त्यांना काही होत नाही. खरं आहे. दुभत्या जनावराला ती मापात चालते, आणि मादीच्या प्रजननावर गॉसिपॉलचा तसा परिणाम दिसत नाही. पैदाशीच्या नराची गोष्ट वेगळी. त्याच्या गव्हाणीतून सरकी पेंड पूर्ण काढा, आजपासून. ती बंद केल्यावर नवं वीर्य बहुतेकदा सुधारतं, पण त्यालाही तेच दोन महिने लागतात.

तिसरी गोष्ट हिरव्या चाऱ्याची. अ जीवनसत्त्व बोकडाला हिरव्या पाल्यातून मिळतं आणि शुक्राणू घडवणाऱ्या पेशींना ते लागतंच. यकृतातला साठा काही काळ पुरतो, पण लांब उन्हाळा नुसत्या कडब्यावर काढला की तो आटतो. कडबा कितीही चांगला असो, वाळताना त्यातला हा अंश गेलेला असतो. दीड किलो खुराकानं ही उणीव भरून निघत नाही. मूठभर शेवरीच्या पाल्यानं निघते.

आता मालकांचा हरभरा आणि तूप. हरभरा वाईट नाही, मोड आलेला तर चांगलाच. पण तो खुराकातलं दुसरं काही कमी करून द्यायचा, वर आणखी घालायचा नाही. तूप देऊ नका. रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट चारा पचवणाऱ्या जिवाणूंवर चालतं, आणि जास्त स्निग्ध पदार्थ त्या जिवाणूंचं काम अडवतात. अंड्यांवाचून त्याचं काही अडत नाही. ती तुमच्या लेकरांच्या ताटात जास्त उपयोगी. गूळ आणि भरडा एकदम जास्त झाला तर पोटात आम्ल वाढतं, जनावर सुस्तावतं, खुरं दुखू लागतात. तुमचा बोकड बसून असतो म्हणता, तर त्याची खुरं गरम लागतात का, उभं राहताना पाय उचलून धरतो का, हे बघा. पाय दुखणारा बोकड मागच्या दोन पायांवर उभा राहायला तयार होत नाही, आणि आपण समजतो त्याच्यात दम नाही.

गव्हाच्या कोंड्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण यात जीव जाऊ शकतो. कोंड्यात आणि धान्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी असतं. बोकडाच्या एकूण खाण्यात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या दुप्पट असावं. उलटं झालं की लघवीत खडे धरतात, आणि नराची लघवीची नळी इतकी अरुंद असते की बारीक खडाही अडकतो. बोकड पुन्हा पुन्हा लघवीसाठी वाकतो, थेंब थेंब होते, शेपटी हलवतो, पोटाकडे लाथा मारतो, विव्हळतो. असं दिसलं तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका, त्याच तासाला डॉक्टरांना फोन करा. हे टाळायचं तर कोंडा थोडा, झाडपाला जास्त, रोज थोडं मीठ आणि सावलीत ठेवलेलं भरपूर स्वच्छ पाणी. मिठानं तहान लागते, पाणी पोटात जातं, खडे धरायला वाव कमी राहतो.

मग त्याला द्यायचं काय? तुम्ही वजन लिहिलं नाही, पण ५० ते ५५ किलोचा धरतो. त्याला दिवसाला साधारण ३ ते ४ किलो हिरवं द्या, त्यातलं निम्मं शेवरी, हादगा, सुबाभूळ, दशरथ किंवा लसूण घास असं, बाकी मारवेल किंवा हिरवा मका. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, त्यातल्या मिमोसिन नावाच्या विषारी घटकानं केस गळतात आणि जनावर खंगतं. सोबत पाऊण किलोभर कुट्टी किंवा हरभऱ्याचं, तुरीचं भुसकट. खुराक एरवी २५० ते ३०० ग्रॅम पुरे. शेळ्या लावायच्या दोन महिने आधीपासून तो हळूहळू ४०० ते ५०० ग्रॅमवर न्यायचा, सकाळ-संध्याकाळ दोन भागांत.

खुराक घरीच बनवा. १० किलोसाठी मका किंवा ज्वारीचा भरडा साडेचार किलो, शेंगदाणा पेंड २ किलो, तूर चुनी २ किलो, गव्हाचा कोंडा १२०० ग्रॅम, क्षार मिश्रण २०० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम. यात प्रथिनं साधारण १७ टक्क्यांपर्यंत बसतात. शेंगदाणा पेंडीला बुरशीचा वास आला तर ती फेकून द्या, ‘उन्हात टाकून वापरू’ असं नको. बुरशीचं विष उन्हानं पूर्ण जात नाही. क्षार मिश्रण हा या यादीतला सगळ्यात छोटा खर्च, आणि लोक पहिला तोच वाचवतात. वृषणाच्या वाढीला आणि नराच्या संप्रेरकाला जस्त लागतं, शुक्राणूच्या शेपटीला सेलेनियम लागतं, आणि कडबा-भरड्यात हे दोन्ही पुरेसे असतीलच असं नाही. मात्र सेलेनियमचं इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून आणून टोचू नका. त्याची गरज आणि विषबाधा यांच्यातलं अंतर फार थोडं आहे. चांगल्या क्षार मिश्रणात ते मापात असतं.

एक काळजी घ्या: हे वाचून उद्याच त्याचा दीड किलो खुराक पाव किलोवर आणू नका. अचानक उपाशी ठेवलं तरी वीर्य बिघडतं. दोन-तीन आठवड्यांत उतरवा. रोज सकाळी दोरी धरून त्याला दोन-तीन किलोमीटर चालवून आणा. बंदिस्त शेडात बोकडाला व्यायामच नसतो, आणि या कामाला मागच्या पायांत ताकद लागते. ताकद किती आणि चरबी किती, हे हातानं कळतं. पाठीच्या कण्यावर आणि बरगड्यांवर हात ठेवून बघा. बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत, पण डोळ्यांना दिसता कामा नयेत. दाबूनही लागत नसतील तर चरबी जास्त आहे. लांबून मोजता येत असतील तर बोकड उतरलेला आहे. ईदच्या बाजारात जो बोकड सगळ्यांच्या नजरेत भरतो, तो पैदाशीच्या कामाला बहुतेक वेळा एवढा जड नको असतो. तुम्ही बाजाराच्या नजरेनं त्याला वाढवलंत आणि काम कळपाचं मागितलंत.

पण सगळा दोष त्याच्यावर टाकण्याआधी शेळ्यांकडेही वळू. तुम्ही लिहिलंय की खुराकाचा पैसा बोकडावर गेल्यानं शेळ्यांना कडब्यावर ठेवावं लागलं. वहीत नोंद असेल तर बघा: उलटलेल्या शेळ्या कोणत्या? त्या सगळ्या हडकुळ्या आणि गाभण राहिलेल्या सगळ्या अंगानं बऱ्या असतील, तर अर्धं उत्तर शेळ्यांच्या गव्हाणीत आहे. धडधाकट शेळ्याही तितक्याच उलटल्या असतील, तर संशय बोकडावर जातो. माज दर २१ दिवसांच्या आसपास नियमित येत असेल तर शेळी फळलीच नाही असं समजा. मधेच, वेळी-अवेळी येत असेल किंवा गाभ पडत असेल तर रोगाची शंका घ्या आणि ब्रुसेला या गाभ पाडणाऱ्या आजाराची तपासणी करून घ्या, बोकडाचीही. तो आजार माणसालाही होतो, म्हणून गाभडलेल्या शेळीला उघड्या हातानं हात लावू नका.

आणखी एक. पाऊस पडून हिरवं मिळालं की एकाच आठवड्यात बऱ्याच शेळ्या माजावर येतात. मोकळा सोडलेला बोकड एकाच शेळीच्या मागे दिवस घालवतो, तिच्यावर पाच-सहा वेळा उडतो आणि बाकीच्यांचा माज निघून जातो. खायचंही विसरतो. पूर्ण वाढलेल्या एका नराला २० ते २५ शेळ्या हे प्रमाण ठीक, पण त्या महिना-दीड महिन्यात विभागून आल्या तर. त्याला वेगळा बांधा. सकाळ-संध्याकाळ शेळ्यांत फिरवून माज ओळखा. सकाळी माजावर दिसलेली शेळी संध्याकाळी दाखवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. दिवसाला दोन, फार तर तीन वेळा त्याचा वापर, आठवड्यात एक दिवस सुट्टी. खुराक कामाच्या आधी, एकट्याला, शांतपणे.

बोकडाच्या गव्हाणीतून वाचणारा किलोभर खुराक तुमच्या सगळ्यात अशक्त पाच शेळ्यांना दोन-दोनशे ग्रॅम द्या, शेळ्या लावायच्या आधी तीन आठवडे. उस्मानाबादी जात जुळ्यांसाठी नावाजलेली आहे, पण जुळी राहायला आधी शेळीच्या अंगात ताकद असावी लागते. हा खर्च तुम्ही आधीच करत होता, फक्त तोंड बदलायचं आहे.

इथं दुसऱ्या टोकाला असलेल्या वाचकांनाही काही सांगायचं आहे, कारण गावोगाव तुमच्यासारखे लाडावलेले बोकड थोडे आणि दुर्लक्षित बोकड फार. कळपाबरोबर चरायला जातो, संध्याकाळी शेळ्यांना मूठभर भरडा मिळतो, बोकडाला तोही नाही, ‘तो कुठं दूध देतो’ म्हणून. शिवाय दरवर्षी सगळ्यात तरतरीत, जोमानं वाढलेला तरणा बोकड ईदला विकला जातो आणि विकला न गेलेला खुरटा घरचा बोकड होतो. मग दोन-चार पिढ्यांत कळपाचं वजन उतरतं आणि आपण जातीला बोल लावतो. ऑस्ट्रेलियात कॅशमेअर या मऊ लोकरीच्या जातीच्या बोकडांवर झालेल्या अभ्यासांत दिसलं की चांगलं खाल्लेल्या बोकडांची वृषणं मोठी झाली, नराचा तो उग्र वास वाढला, आणि अशा बोकडांच्या सहवासात जास्त शेळ्या माजावर आल्या. म्हणजे बोकडाच्या पोटात गेलेला चांगला घास शेळीच्या माजापर्यंत पोचतो. ज्यांचा बोकड उतरलेला आहे त्यांनी वर दिलेला खुराक दोन महिने आधी नेटानं सुरू करावा. आधी जंतनाशक द्यावं, नाहीतर निम्मा खुराक जंतच खातील. ज्यांनी नवा लहान बोकड पैदाशीसाठी ठेवला आहे त्यांनी तो तीन महिन्यांचा झाला की माद्यांपासून वेगळा करावा आणि तेव्हापासून आठ महिन्यांपर्यंत त्याच्या खाण्यात हयगय करू नये. वृषणाच्या वाढीचा तोच काळ. वर्षाच्या आत त्याच्यावर मोजक्याच शेळ्या सोडाव्यात. पूर्ण भार दीड वर्षानंतर.

आता तुमचा मूळ प्रश्न, विकू की ठेवू. दीर आणि मालक दोघांच्या म्हणण्यात तुम्ही अडकला आहात, पण वीर्य तपासल्याशिवाय दोघांपैकी कुणालाच बरोबर म्हणता येणार नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करा. तिथं सोय नसेल तर जवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नक्की विचारा. तपासणीत डॉक्टरांना वृषणंही चाचपायला सांगा: दोन्ही सारखी, घट्ट, गाठ नसलेली हवीत. अंडकोशाचा घेर टेपनं मोजून वहीत लिहा, दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. एका वृषणाला सूज किंवा गाठ असेल, किंवा एक अगदी आक्रसलेलं असेल, तर खाण्यानं ते भरून येणार नाही, आणि तेव्हा दीरांचं ऐका.

तसं काही नसेल तर घाई नको. आता कार्तिक आहे. तो सध्या देतोय ते वीर्य पावसाळा सरताना घडलेलं, म्हणजे उन्हाचा फटका ओसरल्यावरचं आहे. आषाढापेक्षा बरं निघण्याची शक्यता मला वाटते, सरकी तेवढी अजून आड येईल. तपासणीत ठीक निघालं तर आता माजावर येणाऱ्या शेळ्या त्याला मोजून दाखवा. ठीक नसेल तर या खेपेला दुसऱ्याचा तपासलेला बोकड किंवा जवळपास सोय असेल तर कृत्रिम रेतन वापरा, म्हणजे शेळ्यांचे आणखी महिने भाकड जाणार नाहीत. कर्जाचा हप्ता बोकडासाठी थांबत नाही, हे मी जाणतो. तोवर त्याचं खाणं सुधारा आणि माघात पुन्हा तपासा. सुधारला तर पुढच्या वैशाखासाठी आतापासून तयारी: शेडाच्या कडेनं शेवरी आणि हादगा लावा, मक्याचा थोडा मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) करून ठेवा, पत्र्यावर पाचट टाका.

माघातही वीर्य खराबच निघालं तर ईदला जरूर विका. फक्त तो कुणी पैदाशीसाठी मागितला तर भाव जास्त येत असला तरी देऊ नका. घेणारी तुमच्यासारखीच कुणीतरी असेल, हप्ते भरणारी.